उंबरठ्याबाहेरचे घर

ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशाच्या नकाशावर पांढुर्णा हा पंचावन्नावा जिल्हा उमटला. छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे काढून तो बनविण्यात आला. आपल्या किनाऱ्यावरील वाचकाला या दोन गावांची ओळख असलीच तर ती दोनच गोष्टींमुळे असेल. एक तेथली संत्री, आणि दुसरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार. या दोन तालुक्यांत घराघरांतून मराठी बोलली जाते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. नागपूर तोवर मध्य प्रदेशाची राजधानी होती. एका रात्रीत ती राजधानी परराज्यात गेली आणि पांढुर्णा-सौंसरची माणसे बाजाराला नागपूरला आणि कचेरीला छिंदवाड्याला जाऊ लागली. आता कचेरी दाराशी आली, याचा त्यांना आनंद व्हावा हे स्वाभाविकच होय.

परंतु गाव जिल्ह्याचे ठिकाण झाले की त्याबरोबर आणखीही काही येते. जिल्हाधिकारी येतो, पोलीस अधीक्षक येतो, त्यांच्यामागे खात्यांचे कारकून, अभियंते, वकील, औषधवाले, शिकवणीवाले येतात. या सर्वांना राहावयास घरे हवी असतात. गावालगतच्या शेतात चुन्याच्या रेघा पडतात, त्या रेघांना विदर्भात आणि त्याच्या शेजारी ‘ले-आऊट’ म्हणतात, आणि पाहता पाहता तेथे एकाला एक खेटून घरांच्या रांगा उभ्या राहतात. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि ओरोसच्या माळावर सिंधुदुर्गनगरी वसविली गेली, तेव्हा ही क्रिया आपण आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे. पर्वरी, म्हापसा, फोंडा, मडगाव येथे तर ती जिल्ह्याची वाट न पाहताच चालू आहे. तेव्हा पांढुर्ण्याचा प्रश्न हा आपलाही प्रश्न आहे, एवढेच की तो तेथे आज कोवळ्या अवस्थेत आहे आणि आपल्याकडे पुरता जून झाला आहे.

प्रश्न असा की घर ज्याचे त्याचे होते, त्याची विक्रीखताने नोंद होते, बँक त्यावर कर्ज देते. परंतु त्या घराला लागून असलेला रस्ता, गटार, कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी, मैलापाण्याची टाकी, विजेचा खांब, लहानसे उद्यान म्हणून नकाशावर हिरव्या रंगाने दाखविलेला आणि प्रत्यक्षात गाजरगवत माजलेला तुकडा, हे सारे कोणाचे? त्याची निगा कोणी राखावयाची?

मराठी मुलखात गावाचे दोन भाग मानीत. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ जमीन, आणि पांढरी म्हणजे गावठाण, घरे बांधून राहण्याची जागा. काळीत राहू नये आणि पांढरीत नांगर घालू नये, हा त्यामागचा व्यवहार. पांढुर्णा या नावाची व्युत्पत्ती पंडितांनी काहीही लावोत, त्या नावात कानाला पांढरच ऐकू येते. आणि गंमत अशी की आजचे ले-आऊट नेमके काळीतच पडतात. संत्र्याची किंवा कपाशीची जमीन अकृषिक करून तिच्यावर घरे बांधली जातात. काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला पाठ असतो, घर घेणाऱ्या कारकुनाला तो ठाऊक नसतो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटते, इतकी की मे महिन्यात तिच्या भेगांत हात जावा. तिच्यावरचे घर नीट उभे राहावयाचे असेल तर पाया खोल हवा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घराभोवतालच्या मातीतील ओलावा वर्षभर शक्य तितका सारखा राहावयास हवा. आता समजा, रांगेतील सहा नंबरच्या घराच्या न्हाणीचे पाणी तुंबलेल्या गटारात न जाता बाजूच्या मातीत मुरते आहे. माती त्या एका बाजूने फुगते, पाया तेवढ्या बाजूने उचलला जातो आणि तडा जातो तो सात नंबरच्या भिंतीला. सहा नंबरवाल्याच्या घरात सर्व कुशल असते. तो सात नंबरवाल्याला सांगतो, “तुमच्या बिल्डरने सिमेंट कमी वापरले असेल.” आणि बिल्डर दोघांचा एकच असतो!

आपल्याकडे काळी माती नाही, जांभा आहे, म्हणून आपण निश्चिंत राहावे असेही नाही. आपला शत्रू हवेतून येतो. खाऱ्या वाऱ्यातील क्षार काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आतील सळईपर्यंत पोहोचतात, सळई गंजते, गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि वरचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटते. त्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे पांढुर्ण्याच्या साधारण तिप्पट. गच्चीचा एक कोपरा गळतो, तो वरच्या मजल्यावरच्याचा प्रश्न समजून खालचे तीन मजले स्वस्थ बसतात. आणि चार पावसाळ्यांनी तीच ओल तळमजल्याच्या स्तंभात उतरते. तात्पर्य, मातीचा गुण वेगळा, हवेचा गुण वेगळा, पण एकाच्या हयगयीचे फळ दुसऱ्याच्या भिंतीवर उमटावे हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. तो इमारतींप्रमाणेच भूखंडांच्या ले-आऊटलाही लागू आहे. बिल्डरने घर घेणाऱ्यांचा संघ किंवा सहकारी संस्था स्थापन करून द्यावी, आणि सामाईक जागा त्या संघाच्या नावे करून द्यावी, असे हा कायदा सांगतो. बांधकामातील मूळ दोष पाच वर्षांच्या आत दाखवून दिला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो. हे बहुतेकांना ऐकून तरी ठाऊक असते, कारण ती बिल्डरची कर्तव्ये आहेत. त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात घर घेणाऱ्याचीही कर्तव्ये दिली आहेत, आणि त्यांत संघ स्थापण्याच्या कामी त्याने भाग घेतलाच पाहिजे असे स्पष्ट लिहिले आहे. हे कलम वाचलेला घरमालक आमच्या तरी पाहण्यात क्वचितच आला. महाराष्ट्रात तर १९६० चा सहकारी संस्था कायदा आहे, १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आहे, बिल्डर जमीन नावावर करून देत नाही म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची सोय केली गेली, आणि २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी मूळ कायद्यात स्वतंत्र प्रकरणच घालण्यात आले. गोव्याने २००१ साली आपला स्वतंत्र सहकार कायदा केला. मध्य प्रदेशातही १९६० चा सहकार कायदा आणि २००० चा प्रकोष्ठ स्वामित्व कायदा आहेतच. कायद्यांचा दुष्काळ कोठेही नाही.

दुष्काळ आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि ती समजण्यासाठी मध्य प्रदेशाचाच अनुभव उपयोगी पडेल. तेथे गृहनिर्माण सहकारी संस्था पुष्कळ निघाल्या; परंतु त्यांतील बहुतेकींचा हेतू एकच, जमीन घ्यावयाची, तिचे भूखंड पाडावयाचे आणि सभासदांना वाटावयाचे. इंदूर-भोपाळकडे या भूखंड-वाटपातील गैरव्यवहारांची प्रकरणे वर्षानुवर्षे गाजत आहेत. ज्यांना भूखंड मिळाले त्यांचा संस्थेतील रस त्याच दिवशी संपला, आणि ज्यांना मिळाले नाहीत ते कोर्टात गेले. इतरत्र परवानगीशिवायच वसाहती उठल्या. त्या इतक्या झाल्या की २०२१ साली राज्याला कायद्यात दुरुस्ती करून त्या नियमित करण्याची वाट काढावी लागली. नागपुरात ‘५७२ ले-आऊट’ आणि ‘१९०० ले-आऊट’ हे शब्द बाजारातल्या भावासारखे लोकांच्या तोंडी असतात, तेही याच रोगाचे लक्षण आहे. भूखंड मिळेपर्यंत टिकणारी एकजूट आणि राहावयास गेल्यावर सुरू होणारी एकजूट या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला लोभ पुरतो. दुसरीला दर महिन्याला शंभर कंटाळवाण्या कामांना बसण्याची सवय लागते.

ही सवय आपल्या माणसांना नव्हती असे कोणी म्हणेल तर ते इतिहासाला धरून होणार नाही. कारवारकडून मुंबईत आलेल्या सारस्वत कुटुंबांना मुंबईत राहावयास जागा मिळेना, तेव्हा रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आपल्या देशातील अगदी पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत तिची गणना होते. त्याच तालमकींनी त्याआधी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली होती, जिची पुढे बँक झाली. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यांनी आधी लोकांना पैसा एकत्र ठेवावयास, हिशेब पाहावयास, एकमेकांवर विश्वास टाकावयास आणि तो विश्वास दरवर्षी तपासून घ्यावयास शिकविले. घर त्यानंतर बांधले. आज आपण घर आधी घेतो, शेजारी कोण हे किल्ली मिळाल्यावर कळते, आणि हिशेब ही वस्तू पहिल्या भांडणाच्या वेळी प्रथम दिसते. तो संघ एका ज्ञातीचा होता, ही त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या काळी ज्ञातीच्या बळावर जे साधले ते आज ज्ञातीबाहेरच्यांशी साधावयाचे आहे, आणि ते अधिक कठीण आहे. म्हणून घर विकताना किंवा भाड्याने देताना आडनाव आणि स्वयंपाकघर विचारणाऱ्या संस्था दिसल्या की खेद वाटतो. शेजारी मासे खातो की नाही यावर गटाराचा उतार अवलंबून नसतो.

आणि त्याही आधीची आपली गावकरी! गोव्याच्या खाजनांचे बांध ही शेजारधर्माची जगात दाखविण्याजोगी रचना आहे. खाडीच्या मुखाशी मातीचा आणि दगडाचा बांध घालावयाचा, त्यात लाकडी दारांचे मानस बसवावयाचे, भरतीला दार आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी बाहेर पडते, आणि समुद्रसपाटीहून खाली असलेल्या जमिनीत भात पिकते. एका जागी बांध फुटला तर खारे पाणी एकाच्या शेतात थांबत नाही. ते सर्वांचीच दोन-तीन वर्षांची पिके नासवून जाते. म्हणून बांधाची राखण ही सगळ्या गावकरीची जबाबदारी होती. कोणी कोठे माती टाकावयाची, मानसाच्या दाराकडे कोणी पाहावयाचे, रात्री बांधाला भगदाड पडल्याचे कळताच कोणी धावावयाचे हे ठरलेले असे. १९६४ चा कूळ कायदा आला. कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, आणि ते मिळावयासच हवे होते. परंतु जुन्या गावकरीचे जमिनीशी नाते तुटले, नव्या कुळांचे संघ कागदावर राहिले, आणि बांध दोघांच्या मधे पडला. पुढे मानसाजवळच्या मासेमारीच्या लिलावाचा पैसा भाताच्या उत्पन्नाहून मोठा ठरू लागला, तेव्हा दार मासळीच्या सोयीने उघडे राहू लागले. फायदा एकाने उचलावयाचा आणि झीज सर्वांनी सोसावयाची, हा प्रकार सुरू झाला की कोणताही बांध टिकत नाही. तो खाजनाचा असो वा वसाहतीच्या कुंपणाचा असो.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना मात्र एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. गावाच्या स्वच्छतेचे सर्वांत हलके मानलेले काम ज्यांच्या माथी जन्माने मारले होते, त्यांना पांढरीत जागा नव्हती. त्यांची वस्ती वेशीबाहेर होती. आजच्या वसाहतीतही हे वळण पुरते गेलेले नाही. मैलापाण्याची टाकी तुंबली की सचिव फोन करतो, दोन माणसे दोरी आणि बादली घेऊन येतात, आणि टाकीत कोण उतरतो हे सज्जातून कोणी पाहत नाही. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षणाच्या साधनांशिवाय अशा टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे पांढुर्णा जिल्हा झाला त्याच महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. काम ठेकेदाराला दिले होते असे म्हणून उतरविणाऱ्यांना हात झटकता येत नाहीत. यंत्राची गाडी मागविण्यास काही हजार अधिक लागतात म्हणून ज्या वसाहतीत वाद होतो, त्याच वसाहतीच्या प्रवेशद्वारावर रोषणाईला मात्र एकमताने मंजुरी मिळते.

पैशाचा विषय निघाला आहे तर थोडे आकडेही पाहू. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींप्रमाणे गृहनिर्माण संस्थेने बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा करावयाची असते. वीस लाख रुपये बांधकाम खर्चाच्या घराला हे वर्षाला पाच हजार आणि पंधरा हजार होतात. महिन्याला मिळून सोळाशे-सतराशे रुपये. घराच्या हप्त्याशी तुलना केली तर ही रक्कम काहीच नाही. परंतु ‘मेंटेनन्स कमी’ हे घर विकण्याचे भांडवल झाले आहे. बिल्डर सुरुवातीला दोन वर्षांची रक्कम एकदम घेतो आणि ती पुरेनाशी झाली की वसाहत त्याच दराला पाठ करून बसते. लिफ्ट, पंप, झाडूवाला आणि पहारेकरी यांतच पैसे संपतात, आणि पंधराव्या वर्षी रंग काढावयाची वेळ आली की माणशी लाखाची मागणी होते. त्या दिवशी सभासदांचे तीन पक्ष पडतात. एक म्हणतो आजच करा. दुसरा म्हणतो मी तर विकून जाणार आहे. आणि तिसरा दुबईहून कळवितो की मी तेथे राहतच नाही. न राहणाऱ्या मालकाची इमारत गंजायची थांबते असे कोणत्याही रसायनशास्त्रात लिहिलेले नाही.

त्याच उपविधींत आणखी एक तरतूद आहे. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी, आणि तीस वर्षांची झाली की दर तीन वर्षांनी तिची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी. या तरतुदीचे मोल काय ते २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागात कळले. सिद्धीसाई ही चार मजली इमारत सकाळी कोसळली आणि सतरा माणसे गेली. तळमजल्यावरील जागेत फेरफार चालू होते, त्यात आधारस्तंभांना धक्का लागला असा आरोप झाला, त्यात अटकही झाली. रहिवाशांनी त्या कामाला आधीच हरकत घेतली होती, असेही त्या वेळी प्रसिद्ध झाले. हे खरे असेल तर ही घटना अधिकच विचार करावयास लावणारी आहे. माणसांना धोका कळला होता. तो तेथल्या तेथे थांबविण्याचे बळ त्यांच्या एकत्रपणात नव्हते. स्तंभ कागदावर कोणाच्या खोलीत येतो याला अर्थ नसतो, त्याच्यावर साऱ्यांची छपरे टेकलेली असतात. शेजाऱ्याच्या घरात हातोडा पडल्याचा आवाज आला तर विचारावयास जाणे याला आजकाल भोचकपणा म्हणतात. आमच्या मते तो रहिवाशाचा हक्क आहे, आणि चौकशी सभ्यपणे, लेखी, संस्थेच्या नावाने केली तर कोणाचा अपमान होण्याचे कारण नाही.

पांढुर्ण्याकडे पुन्हा वळू. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झेंडा कोण तोडून आणतो यासाठी दोन्हीकडून दगडांचा वर्षाव होतो, दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, अनेकांचे प्राणही गेले आहेत. शासनाने समजावून पाहिले, बंदोबस्त वाढविला, रबरी चेंडूंचा पर्यायही देऊन पाहिला. दगड काही थांबले नाहीत. शेवटी तो झेंडा चंडी मातेच्या देवळात नेतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसे एकाच बाजारात भाजी घेतात. एका दिवसासाठी हजारो माणसे काठाकाठाने जमू शकतात, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी उभी राहू शकतात, याचे आश्चर्य वाटते. पण आपण त्यांच्याकडे बोट दाखवावे अशी आपली स्थिती आहे काय? आपल्या वसाहतीत गणपतीला मंडप पडतो, वर्गणी वेळेआधी जमते, आरतीला उभे राहावयास जागा नसते. आणि वार्षिक सर्वसाधारण सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब करून पुन्हा त्याच अकरा माणसांनिशी भरवावी लागते. देवळांचे महाजन १९३३ च्या देवस्थान कायद्याखाली आजही निवडणुका लढवितात, देवळाच्या तळीतल्या शेवाळावरून पत्रके काढतात. स्वतःच्या घरामागच्या व्हाळात प्लॅस्टिक अडकले आहे, ते काढावयास मात्र पंचायतीची वाट पाहतात.

पाण्याचा प्रश्न त्या बाजूला अधिक बिकट आहे. संत्र्याच्या पट्ट्यात, वरूड-नरखेडपासून पांढुर्ण्यापर्यंत, बागांसाठी बोअरवेल खणून भूजल खोल गेले आहे. नव्या ले-आऊटमध्ये प्रत्येकाने आपल्या अंगणात स्वतंत्र बोअर मारावयाची प्रथा पडली तर काय होईल हे सांगावयास ज्योतिषी नको. पहिला दोनशे फुटांवर पाणी लावतो, दुसरा त्याच्या खाली जातो, तिसरा त्याही खाली. आणि पहिल्याचा पंप हवा ओढू लागतो. तिघांच्या खर्चात एक सामाईक विहीर, एक टाकी आणि छपरावरचे पाणी जमिनीत मुरविण्याची व्यवस्था झाली असती. आता मुरविलेले पाणी काळ्या मातीत नेमके कोठे मुरवावे, पायापासून किती दूर, हेही ठरवावे लागते. नाहीतर वर सांगितलेली सात नंबरची भिंत आहेच. एकट्याने ते ठरविता येत नाही. जाम नदी तर पांढुर्ण्याहून निघून सौंसर तालुक्यात जामसावळीच्या मारुतीजवळून जाते. वरच्या वसाहतीचे सांडपाणी खालच्या यात्रेकरूंच्या पायाला लागावे की नाही, हेही आज पांढुर्ण्यातल्या कोणत्या तरी ले-आऊटच्या नकाशावरच ठरत असणार.

सर्वांत बिनमानाचे पद म्हणजे सोसायटीचा सचिव. बहुधा एखादा निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेला कारकून, किंवा नोकरी सांभाळून हे करणारी एखादी गृहिणी. पंप बिघडला तर रात्री अकराला त्याचे दार वाजते. हिशेब दाखविला तर कोणी पाहत नाही, आणि दाखविला नाही तर खाल्ले म्हणतात. गाडी कोणाच्या दारात लावली, कोणाच्या कुत्र्याने काय केले, कोणाच्या कुंडीचे पाणी कोणाच्या वाळवणावर पडले, याचा निवाडा त्याने करावयाचा. या पदावर वर्षानुवर्षे तोच माणूस राहतो, याचे कारण दुसरा कोणी येत नाही. आणि मग तोच माणूस हुकूमशहा झाला अशी तक्रार होते. ती कधी कधी खरीही असते. उपाय त्रासदायक असला तरी सोपा आहे. पद आळीपाळीने घ्यावे, हिशेब दर तीन महिन्यांनी फळ्यावर लावावा, आणि पाच हजारांवरच्या कामाला दोन दरपत्रके मागवावीत. पांढुर्ण्याच्या नव्या घरमालकांनी हे पहिल्याच वर्षी केले तर दहाव्या वर्षी त्यांना वकील करावा लागणार नाही.

नव्या जिल्ह्याच्या प्रशासनाला यात काही करता येईल काय? करता येईल. वसाहत नगरपालिकेकडे सोपविली जाण्यापूर्वी तेथे राहणाऱ्यांचा नोंदणीकृत संघ आहे की नाही, त्याच्या नावे सामाईक जागा झाल्या आहेत की नाही, त्याच्याकडे एक वर्षाचा तरी हिशेब आहे की नाही, हे तीन प्रश्न विचारावयाचा नियम जिल्हाधिकाऱ्याने पाळला तरी पुष्कळ होईल. ओरोस वसविताना हे कोणी विचारले असते, आणि पर्वरीचे डोंगर उतरविताना विचारले असते, तर आज आपल्या ग्रामसभांचा निम्मा वेळ गटारावर जाता ना.

महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थांनी वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावयाची असते. पोळाही त्याच सुमारास, श्रावणी अमावास्येला येतो. पावसाचा जोर तेव्हा ओसरलेला असतो, भिंतीवरची ओल अजून वाळलेली नसते, आणि गटार कोठे तुंबले हे सर्वांच्या ताजे लक्षात असते. सभेच्या विषयपत्रिकेत ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ याच्या खाली दुसऱ्या क्रमांकावर, रोषणाईच्या आधी, एवढे लिहावे: सामाईक गटार, साफसफाई व दुरुस्ती, खर्च किती, काम कोणाकडे, पुढच्या मेच्या कोणत्या तारखेपर्यंत.